‘इंजिन मर्सिडीजचंच आहे’: २४० डी विकताना सांगितलं जाणारं अर्धं खरं

पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून १९८३ ची मर्सिडीज २४० डी घेतली, नऊ लाख चाळीस हजारांना. पांढरा रंग, तपकिरी सीट, मीटरवर ९१ हजार किलोमीटर. पहिल्याच पावसाळ्यानंतर दरवाजांखालचा पत्रा फुगला. गाडी सकाळी सुरू व्हायला रडू लागली. फेरनोंदणीला नेली, तर इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी जुळत नाही म्हणून आरटीओतून कागद परत आले. आतापर्यंत वर आणखी साडेचार लाख गेले आहेत आणि गाडी शेडमध्ये उभी आहे. व्यापाऱ्याचं नाव इथे देत नाही. ही रीत एका दुकानाची नाही, म्हणून ती रीतच नीट सांगायला हवी.

ही फसवणूक चालते, कारण सांगितलं जातं त्यातलं पुष्कळसं खरं असतं. २४० डी ज्या मालिकेतली ती डब्ल्यू १२३ ही मालिका १९७६ साली आली आणि १९८५ च्या अखेरीपर्यंत बनत राहिली. २४० डी मधलं ओएम ६१६ हे इंजिन २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, त्यावरचं सिलिंडर हेडही ओतीव लोखंडाचं, सिलिंडरांत डिझेल सोडणारा बॉशचा इनलाइन पंप, आणि एवढ्या ऐवजातून काढलेली ताकद फक्त ७२ अश्वशक्ती. इंजिनावर ताण नाही म्हणून ते टिकतं. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. दरवाजा लावला की येणारा तो भरीव ‘धप्प’ आवाज आजच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या गाड्यांतही ऐकू येत नाही. ही ओढ खोटी नाही, त्या गाड्या तशाच होत्या. डब्ल्यू १२३ च्या आधीच्या पिढीतली एक २४० डी ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती मर्सिडीजच्या संग्रहालयात गेली. हा किस्सा प्रत्येक व्यापाऱ्याला पाठ असतो. त्या गाडीत वेळोवेळी इंजिन बदललं गेलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. गाडी ४६ लाख चालली ती राखली म्हणून.

आता त्या व्यवहारातला मुख्य मुद्दा. ओएम ६१६ हेच इंजिन मर्सिडीजच्या परवान्याखाली आपल्याकडे बनत होतं. बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ते ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर या आपल्या गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरलं. त्यामुळे २४० डी चं मूळ इंजिन निकामी झालं की भंगारातल्या ट्रॅक्सचं इंजिन आणून बसवायचं, हा आपल्याकडचा जुना उपाय. गाडी रस्त्यावर ठेवायला तो वाईटही नाही. रिंग, पिस्टन, गॅस्केट, नोझल सगळं इथे मिळतं, आणि जर्मनीहून सुटे भाग मागवण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतं. पण मग ती ‘ओरिजिनल’ गाडी राहत नाही आणि तिची किंमतही तशी लावता येत नाही. या व्यवहारात व्यापारी प्रत्येक वेळी म्हणाला, ‘इंजिन ओएम ६१६, मर्सिडीजचंच आहे, साहेब.’ डिझाइनपुरता शब्द न् शब्द खरा, आणि फसवणूक त्याच वाक्यात आहे.

हे ओळखायला पाच मिनिटं लागतात. डब्ल्यू १२३ मधल्या २४० डी च्या इंजिनाचा नंबर ६१६९१२ या सहा आकड्यांनी सुरू होतो, पुढे अनुक्रमांक. तो ब्लॉकवर ठोकलेला असतो. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि तारेचा ब्रश घ्या, जागा स्वच्छ करा, टॉर्च आडवी धरा म्हणजे आकड्यांची सावली पडते. मग तो नंबर आरसी बुकातल्या नंबराशी एकेक आकडा करून ताडा. या गाडीत ६१६९१२ नव्हतंच, ट्रॅक्सचं इंजिन होतं. ब्लॉकवर ताजा चंदेरी रंग मारला होता आणि नंबराच्या जागी तो इतका जाड होता की आकडे बुजले होते. चाळीस वर्षांच्या डिझेल इंजिनाचा ब्लॉक चकचकीत दिसला की आधी तिथला रंग खरवडून बघा.

दुसरी गोष्ट सुरुवातीची. गाडी बघायला बोलावलं तेव्हा ती आधीच गरम होती, ‘आत्ताच पेट्रोल पंपावरून आणली’ असं सांगितलं गेलं. जुनं डिझेल थंडच बघायचं असतं. गेल्या गेल्या बॉनेट उघडून हेडवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, आणि कुणी गाडी सुरू करायच्या आत पोहोचा. किल्ली फिरवल्यावर ग्लो प्लगचा, म्हणजे थंड सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगचा, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर मारायचा. दोन-चार सेकंद तीनच सिलिंडरवर थरथरली, थोडा पांढरा धूर आला आणि मग सरळ झाली, तर बहुतेक एखादा ग्लो प्लग गेलेला असतो. ते किरकोळ काम आहे. पण मिनिटभर पांढरा धूर आणि लंगडी चाल असेल तर बहुतेक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवेवर पडणारा दाब, कमी आहे.

कॉम्प्रेशन कमी म्हणजे दर वेळी बोअर गेला, म्हणजे सिलिंडर आतून झिजला, असंही नाही. या इंजिनात व्हॉल्व्हची गॅप (फट) हाताने लावावी लागते: इंजिन थंड असताना, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने, साधारण दर २४ हजार किलोमीटरला. व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू बसत जातो, गॅप कमी होत जाते, आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. मग थंड इंजिनात हवा दाबली जात नाही. म्हणून आधी गॅप लावून घ्या, नंतर कॉम्प्रेशन मोजा. चांगल्या इंजिनात गरम असताना २४ ते ३० बार (दाब मोजायचं एकक) मिळतं, १५ बार ही शेवटची हद्द, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत तीन-चार बारपेक्षा जास्त फरक नको. या गाडीत गॅप लावल्यावरही आकडे आले १९, १८, १३ आणि १७. तिसरा सिलिंडर संपलेला होता.

मग चाचणीच्या फेरीत ती बरी कशी चालली? दोन गोष्टी केल्या होत्या. इंजिनात नेहमीपेक्षा खूपच जाड तेल भरलं होतं. डब्ल्यू १२३ च्या डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा तारेवर चालत नाही. इंजिनातून तेलाची बारीक नळी थेट त्या काट्यापर्यंत येते. काटा फसवता येत नाही, म्हणून तेलच बदलून फसवतात. गरम इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असून नुसतं चालू असताना, काटा खाली येणं चालतं, पण अॅक्सिलरेटर दाबताच तो लगेच ३ वर गेला पाहिजे. जाड तेलाने आयडललाही तो ३ वरच चिकटून राहतो, आणि गिऱ्हाईक ‘काय प्रेशर आहे!’ म्हणून खूश होतं. अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण तापल्यावरही काटा जराही हलत नसेल तर डिपस्टिक काढून तेल बोटांत चोळून बघा. दुसरं म्हणजे पंपाचं डिझेल कमी केलं होतं. डिझेल कमी, तर काळा धूर कमी. गाडी सुस्त होते, पण २४० डी मुळातच सुस्त, शंभरचा वेग गाठायला वीसहून जास्त सेकंद घेते. गिऱ्हाइकाला ते ऐकून माहीत असतं, त्यामुळे त्याला संशयही येत नाही. यावर साधा उपाय आहे. इंजिन आयडलला असताना तेल भरायचं झाकण काढून उलटं त्याच तोंडावर ठेवा. जरा थरथरलं तर ठीक. नाचून खाली पडलं, तर पिस्टनच्या रिंगांतून वायू खाली उतरतो आहे.

मीटरचंही असंच. या गाड्यांचा किलोमीटर मोजणारा भाग प्लास्टिकच्या छोट्या गिअरवर चालतो आणि तो गिअर तडकतो. काटा वेग दाखवत राहतो, आकडे थांबतात. म्हणजे ९१ हजार हा आकडा कुणी मागे फिरवलेलाही नसेल, कित्येक वर्षांपूर्वी तिथे थांबलेला असेल. पाच किलोमीटर चालवा आणि आकडे सरकतात का ते बघा. ब्रेक पेडलचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड मीटरपेक्षा खरं बोलतात.

पत्र्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. इंजिन दुरुस्त होतं, सडलेली बॉडी माणसाला पुरती खाऊन जाते. या गाडीच्या खालच्या बाजूला काळं रबरी कोटिंग ताजं मारलेलं होतं आणि व्यापाऱ्याने ते जादा सोय म्हणून दाखवलं. डब्ल्यू १२३ ला उंबऱ्याखाली, म्हणजे दरवाजांखालच्या पत्र्याच्या पट्टीखाली, जॅक घालायच्या चार नळ्या असतात, प्रत्येकीवर रबरी बूच. ते बूच काढून आत स्क्रूड्रायव्हर घालून कडेने दाबत फिरवायचा. इथे मागची डावी नळी बाहेरून काळी कुळकुळीत आणि घट्ट. बूच काढलं तर आतून ओला तांबडा भुगा गळायला लागला, आणि स्क्रूड्रायव्हर जरा दाबताच उंबऱ्यात मुठीपर्यंत घुसला. त्या जागी पत्रा नव्हताच. वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर लांबी (पुट्टी), त्यावर रंग. याशिवाय बघायच्या जागा: पुढच्या गालिच्याखालची जमीन, बॅटरीचा ट्रे, डिकीतल्या दोन्ही बाजूंचे खळगे आणि स्टेपनीची जागा, पुढच्या-मागच्या काचेचे खालचे कोपरे. मागच्या काचेचं रबर गळलं की पाणी डिकीत साठतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. फ्रिजवर लावतो तसलं हलकं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून उंबरे आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे पकडत नाही तिथे लांबी आहे. मुंबई, कोकण, गोवा इथल्या गाड्यांना हे दुप्पट लागू.

व्हॅक्यूमकडेही नजर टाका. किल्ली बंद केल्यावर हे इंजिन व्हॅक्यूमने, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून, थांबतं. सेंट्रल लॉक असेल तर तेही व्हॅक्यूमवरच, आणि ब्रेकच्या बूस्टरलाही तोच व्हॅक्यूम पंप. किल्ली काढल्यावरही इंजिन गुरगुरत राहिलं, तर बहुतेक कुठेतरी नळी फुटली आहे. काम छोटं असतं, पण विकताना ‘जुन्या डिझेलचं असंच असतं’ म्हणून खपवतात. तसं काही नसतं.

आता कागद. चासीवरच्या नंबरात १२३१२३ या मॉडेलच्या आकड्यांनंतरचा आकडा स्टिअरिंगची बाजू सांगतो. १ म्हणजे डावी, २ म्हणजे उजवी. या गाडीत १ होता आणि स्टिअरिंग उजवीकडे. म्हणजे ते इथे कुठेतरी वेल्डिंग करून फिरवलेलं. इंजिन आणि केबिनमधल्या आडव्या पत्र्यावर डाव्या बाजूला ठिगळ दिसतं का ते बघा, आणि स्टिअरिंग बॉक्स बोल्टने बसतो तिथला जोड एखाद्या जाणत्या वेल्डरला दाखवा. जीव त्या जोडावर असतो.

डाव्या स्टिअरिंगची गाडी म्हणजे बाहेरून आलेली. आखातातून परतलेल्यांनी आणलेल्या असतात, दूतावासांच्या असतात. कस्टम्सचं बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कागद, मागा. ‘जुनं आहे, हरवलं’ हे उत्तर घेऊ नका. ड्युटी न भरलेली गाडी सध्याच्या मालकाच्या दारातून जप्त होऊ शकते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आल्यापासून तिथल्या जुन्या डिझेल गाड्या इकडे येतात. अशा गाडीची तिकडच्या आरटीओची एनओसी खरी आहे का ते आधी तपासा, मगच इसार द्या.

‘व्हिंटेजमध्ये नोंदवून देतो’ हे आश्वासन तर सरळ खोटं होतं. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात. १९८३ च्या गाडीला ती २०३३ मध्ये होतील. तोवर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, वर पर्यावरण कर. आयात केलेल्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासूनच ४०,००० रुपये झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना नंतर त्याहून वाढली. हा आकडा किमतीतून वजा करून बोला.

पैसे देताना या गृहस्थांनी तीन लाख चाळीस हजार चेकने दिले, बाकीचे सहा लाख रोख. खरं तर एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसतच नाही. पावती चेकच्या रकमेचीच मिळाली, त्यावर ‘जशी आहे तशी’ असा शिक्का, आणि इंजिनाबद्दल एक अक्षर नाही. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते बघायला मागा. पावतीवर इंजिन नंबर, चासी नंबर, मीटरचा आकडा आणि ‘इंजिन कंपनीतून आलेलं मूळ आहे’ हे वाक्य सहीनिशी लिहून घ्या. लिहून द्यायला जो कुरकुरतो त्याची गाडी घेऊ नका. व्यापाऱ्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. तिथे तोंडचा शब्द कामाला येत नाही, अशा पावतीवरचं वाक्यच येतं.

या गाडीचं आता करायचं काय? ट्रॅक्सचं इंजिन आरसीवर चढवता येतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी घेऊन. पण त्यासाठी ते इंजिन कुठून आलं याचं बिल लागतं, आणि ते ज्या गाडीतून काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही मागितला जातो. भंगारवाल्याने दोन्ही दिलेले नाहीत. गृहस्थ सध्या ६१६९१२ ने सुरू होणारं, कागदांसकट मिळणारं इंजिन शोधताहेत.