व्हेप (ई-सिगारेट): नळीवाला ऑल-इन-वन की पॉड?
ब्रिटनमध्ये सिगारेट सोडताना मी दोन्ही वापरले. बॅटरी आणि द्रवाची टाकी एकाच नळीत असलेल्या माझ्या व्हेपची बॅटरी १५०० एमएएचची; सकाळी खिशात टाकला की रात्रीपर्यंत चार्जरची आठवण नाही. पण कॉइल, म्हणजे द्रव तापवून वाफ करणारी तार, बदलायची म्हणजे टाकी उघडा, बोटं चिकट करा. नव्या कॉइलच्या कापसावर द्रवाचे दोन-चार थेंब टाकून दहा मिनिटं थांबलं नाही, तर पहिलाच झुरका जळका लागतो आणि घसा धरतो. पॉड म्हणजे द्रव आणि कॉइल एकत्र असलेली छोटी डबी; त्याला ही कटकट नाही, जुना काढला की नवा बसवला. बॅटरी मात्र लहान. द्रव दोन्हींत २ मिली, तिथल्या कायद्यानेच तेवढा. रोजच्यासाठी मी पॉडच घेईन. भारतात येताना दोन्ही तिकडेच ठेवा. २०१९च्या कायद्याने इथे बंदी आहे.