ग्वांगझूची जत्रा की यिवूचा बाजार?

"चीन एकदा नीट बघायचाय, आठ दिवस हातात आहेत, कुठे जाऊ?" असं विचारणारे अलीकडे वाढलेत. पाच वर्षांहून मोठ्या खंडानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू थेट विमान पुन्हा सुरू झालं, तेव्हापासून तर जास्तच. भिंत, मातीचे शिपाई, शांघायचे मनोरे बघायचे असतील तर माझा काही उपयोग नाही. मी बटणं, चेन, इलॅस्टिक, लेस आणतो. पुण्यात बोहरी आळीजवळ आमचं छोटं गोडाऊन आहे. चीनमध्ये माझं जाणं दोनच ठिकाणी झालं, ग्वांगझूच्या कँटन फेअरला, म्हणजे तिथल्या व्यापारी जत्रेला, आणि यिवूच्या घाऊक बाजारात. तिथली माणसं जी काही कळली ती या दोन जागी. तेव्हा ज्यांना थोडा धंदा करायचाय आणि बराचसा देश समजून घ्यायचाय, त्यांच्यापुरतंच हे लिहितोय. व्हिसा, सामान, नेटवर्कची भानगड तुम्हाला माहीत असेलच.

आधी जत्रा. १९५७ साली ती सुरू झाली तेव्हा चीनला परकीय चलन हवं होतं आणि माल घ्यायला तयार असलेले देश मोजके होते. हाँगकाँग जवळ, म्हणून ग्वांगझूत ही एक खिडकी उघडली. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीतही ती बंद केली नाही. आता ग्वांगझूतल्याच पाझोऊ भागातल्या अवाढव्य दालनांमध्ये एप्रिलला आणि ऑक्टोबरला, तीन टप्प्यांत भरते. २०२४ च्या शरद ऋतूतल्या जत्रेला अडीच लाखांच्या वर परदेशी खरेदीदार आले होते. मी पहिल्यांदा गेलो २०१३ मध्ये. पहिल्या दिवशी दुपारी तीनला एका खांबाला टेकून बूट काढून बसलो, शेजारी एक इजिप्तचा म्हातारा बूट काढून बसलेला. दोघांनी एकमेकांच्या मोज्यांकडे बघितलं आणि हसलो.

चीनचं जगातलं वजन एका नजरेत बघायचं असेल तर जत्रेला तोड नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. शिलाई मशिनपासून विजेच्या गाड्यांपर्यंत सगळं एका छपराखाली, आणि समोर उभा असलेला माणूस इंग्रजी बोलणारा. भाषेची अडचण जवळजवळ नाहीच. आणि इथेच माझं बिनसलं.

माझ्या लेसच्या मालासाठी जत्रेत एक मुलगी भेटली. नाव सनी. तिथे गाळ्यावरच्या प्रत्येकाला असं एक इंग्रजी नाव असतं. हुशार, हजरजबाबी, भावात चिवट. दोन मोसम तिच्यामार्फत माल मागवला. जेवणाच्या सुट्टीत तिने आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं, हुनानमधल्या गावाबद्दल सांगितलं. मला वाटलं, चला, चीनमध्ये एक ओळखीचं घर झालं. पुढच्या वर्षी मालात रंगाचा फरक आला म्हणून मेसेज केला आणि शेवटी विचारलं, आईचा गुडघा कसा आहे? उत्तर आलं, "माफ करा, मी नवीन सनी आहे."

अकाउंट कंपनीचं, फोन कंपनीचा आणि नावसुद्धा कंपनीचंच. जुनी सनी चिनी नववर्षाच्या सुट्टीला गावी गेली ती परत आलीच नाही. तिसरा सनी तर मुलगा निघाला.

यात चीन कळतो, नाही असं नाही. नववर्षाच्या सुट्टीनंतर कारखान्यात किती जण परत येतील याची धास्ती तिथल्या प्रत्येक मालकाला असते. बोनस हातात पडला की माणूस नोकरी बदलतो. पण मला ज्या माणसाकडून समजून घ्यायचं तो माणूसच दुसऱ्यांदा सापडत नसेल, तर पाच जत्रा केल्या काय आणि पन्नास काय. भर म्हणजे जून २०२० मध्ये आपल्याकडे वीचॅट या चिनी मेसेजिंग अॅपवर बंदी आली. जत्रेत जमवलेली माझी दीडएकशे माणसं एका संध्याकाळीत गेली. उरली ती व्हिजिटिंग कार्डं, त्यावर चार सनी, तीन जॅक.

यिवूचं प्रकरण उलटं आहे. गाव झेजियांग प्रांतात, शांघायहून वेगवान गाडीने दीड-दोन तासांवर. जमीन नापीक, तांबडी. म्हणून तिथले लोक पूर्वी खांद्यावर कावड घेऊन गावोगाव फिरायचे. गूळसाखर द्यायची आणि कोंबडीची पिसं घ्यायची. चांगल्या पिसांचे झाडू, उरलेल्यांचं शेताला खत. आपल्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची ना, तसलाच हा धंदा. समाजवादी काळात तो चोरटा ठरला. १९८२ मध्ये फंग आइचियान नावाच्या एका फेरीवालीने तालुक्याचे पक्षसचिव शिए गाओहुआ यांना गाठून जाब विचारला, की आम्ही पोटासाठी विकतो तर तुमची माणसं आम्हाला का पळवतात? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाजाराला रीतसर परवानगी मिळाली. ही गोष्ट यिवूत कुणालाही विचारा, सांगतात, थोडी मीठमिरची लावून सांगतात.

आज त्या बाजारात सुमारे ७५,००० गाळे आहेत. एकेका गाळ्यापुढे तीन मिनिटं थांबलात आणि रोज आठ तास फिरलात, तर सव्वा वर्ष लागेल. २०१४ मध्ये इथून थेट माद्रिदला मालगाडी निघाली, १३,००० किलोमीटर, तीन आठवड्यांचा प्रवास. आपल्या दिवाळीच्या माळा, राख्यांचे मणी, ख्रिसमसची झाडं, कुठल्याही देशाच्या निवडणुकीचे झेंडे, सगळं इथेच. हे आकडे कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते एका गाळ्याबद्दल.

डिस्ट्रिक्ट ३ मध्ये, म्हणजे बाजाराच्या तिसऱ्या इमारतीत, बटणांच्या ओळीत तो आहे. अडीच मीटर रुंद. तिन्ही भिंतींवर पुठ्ठ्यांवर शिवलेली बटणं. मालकिणीला सगळे लाओबान्यांग म्हणतात, म्हणजे मालकीणबाई, मीही तेच म्हणतो. २०१५ च्या ऑक्टोबरअखेर मी पहिल्यांदा तिथे बसलो, तेव्हा सॅम्पलचे पुठ्ठे बाजूला सारून तिची पहिलीतली मुलगी काउंटरवर अक्षरं गिरवत होती. भाव कॅल्क्युलेटरवर चालला होता. ती आकडा दाबायची, मी खोडून माझा दाबायचो. त्याच आठवड्यात सरकारने एकच मूल हे धोरण सोडल्याची घोषणा केली होती. मी दिवसापुरता घेतलेल्या दुभाषी पोराला म्हटलं, विचार, आता दुसरं होऊ देणार का? तिने कॅल्क्युलेटर उचलला, गाळ्याचं वर्षाचं भाडं दाबलं आणि माझ्यासमोर धरला. मग मुलीच्या शिकवणीची फी त्यात मिळवली. पुन्हा धरला. तोंडाने एक शब्द नाही.

चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटतेय, मधे तीन मुलांची मुभाही देऊन झाली, तरी जन्म वाढेनात. यावर लेख पुष्कळ येतात. मला दर वेळी तो कॅल्क्युलेटर आठवतो.

२०१९ ला परत गेलो, मग मधली वर्षं तशीच गेली, मग २०२४. वीचॅट नाही, फोन नंबर बदललेला, पण डायरीत गाळा नंबर होता. थेट चालत गेलो. बाई तीच. क्षणभर बघत राहिली, मग खालच्या खणातून कार्बन लावलेली जुनी ऑर्डरबुकं काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि २०१९ ची माझी पावती बाहेर काढली. वर चिनीत "भारत" एवढीच दोन अक्षरं, नाव तिने कधी लिहिलंच नव्हतं. चार भोकांचं पांढरं बटण, अठरा लाइन (लाइन म्हणजे बटणाच्या आकाराचं माप). तिने त्याच बटणाचा पुठ्ठा उतरवला, भाव दाबला, आणि मी खोडायच्या आत स्वतःच थोडा कमी केला.

मुलगी आता पंधराची. काउंटरवर नाही, शाळेत. झोंगकाओ, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा, डोक्यावर. त्यात मागे पडलेल्या बऱ्याच मुलांना पुढे साधं शिक्षण न मिळता व्यवसाय शाळेत जावं लागतं, त्यामुळे बारावीनंतरच्या गाओकाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेपेक्षाही आईबापांना हीच परीक्षा जास्त खाते. हे मला फोनमधल्या भाषांतराच्या अॅपवर तिनेच सांगितलं. मुलगी इथे बसणार का, असं विचारलं तर हात झटकला. गाळ्यात आता तिचा भाचा संध्याकाळी फोन लावून थेट प्रक्षेपणावर बटणं विकतो. यिवूत बेइशियाझू नावाचं अख्खं गाव असल्या फोनवरच्या विक्रीवर चालतं. बाईला ते पटत नाही. ती म्हणाली, ओरडून विकायचं तर आम्ही कावड घेऊनच फिरलो असतो.

एकाच गाळ्यात नऊ वर्षांत मला हे दिसलं. माझं मत कुठे झुकतं हे एव्हाना कळलं असेल. तरी यिवूबद्दल सरसकट चांगलंच बोललो तर ते खरं होणार नाही.

गाव म्हणून यिवू रटाळ आहे. संध्याकाळी पाचला बाजार मिटतो आणि मग तुम्ही, हॉटेल आणि रस्त्यावरची अरबी-तुर्की खानावळ, एवढंच. शाकाहारी माणसाचे हाल ग्वांगझूपेक्षा थोडे कमी, तेही त्या खानावळींमुळे. माल दुसऱ्या खेपेला तसाच येईल याची खात्री कमी, कारण गाळ्यामागे कारखाना असेलच असं नाही. बटणं वेनझोऊजवळच्या छियाओतोउहून येतात, मोजे झूजीच्या दातांगहून; गाळेवाला मधला. आणि उधारीचा जुना रिवाज कधी अंगाशीही येतो. २०११-१२ च्या हिवाळ्यात एका परदेशी कंपनीचा मालक पैसे बुडवून पळाला, तेव्हा तिच्या दोन भारतीय कर्मचाऱ्यांना व्यापाऱ्यांनी अडकवून ठेवलं होतं. त्यांना सोडवायला गेलेला आपल्या वाणिज्य दूतावासातला अधिकारी कोर्टातच बेशुद्ध पडला, आणि दूतावासाने भारतीय व्यापाऱ्यांना यिवूत धंदा करू नका असं जाहीर सांगितलं. मी ते ऐकून कानाला खडा लावलाय, रोख द्यायचे, उधारी घ्यायची नाही आणि द्यायचीही नाही. दोन्ही बाजूंनी झोप चांगली लागते.

आणखी एक कबुली. यिवूत दिसतो तो बहुतेक जिंकलेल्यांचा चीन. माझ्या बाईचा हुकोऊ, म्हणजे रहिवासाची नोंद, तिथलीच, त्यामुळे मुलीची शाळा जागेवर. ज्यांची नोंद दूरच्या खेड्यात अडकलीय ते लोक बघायचे तर ग्वांगझूच बरं. पण जत्रेत नव्हे. हाइझू भागात झोंगदा कापडबाजाराजवळ कांगले नावाची शहरात गिळली गेलेली वस्ती आहे. इमारती इतक्या चिकटून की त्यांना हस्तांदोलनाच्या इमारती म्हणतात, खिडकीतून समोरच्याशी हात मिळवता येतो. खाली शिलाईचे छोटे कारखाने, कामगार बहुतेक हुपेइ प्रांतातले. सकाळी गल्लीच्या कडेला माणसं रांगेत उभी असतात, हातात एकेक शिवलेला नमुना. मला वाटलं आपल्या मजूर अड्ड्यासारखी कामाची वाट बघताहेत. तर ते मालक होते! कारागीर रांगेसमोरून चालत येतात, नमुन्याची शिवण चिमटीत धरून बघतात, नगाचा दर विचारतात, नाक मुरडतात, पुढे जातात. एक बाई तीन मालकांना नाही म्हणाली, चौथ्याशी पाच मिनिटं घासाघीस करून आत शिरली. त्यांची पोरं मात्र बहुतेक गावाकडे, आजीआजोबांपाशी. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरचं चित्र डोळ्यांपुढे आलं, फक्त इथे अंतर हजार किलोमीटरचं.

त्या एका सकाळीने ग्वांगझूच्या पारड्यात बरंच वजन टाकलं, हे खरं. पण तिथे मी बघ्या होतो. उभं राहून बघितलं, फोटो काढावासा वाटला, काढला नाही, निघालो. कुणाला काही विचारायला ना भाषा, ना निमित्त. यिवूत निमित्त माझ्या खिशात असतं, अठरा लाइनचं पांढरं बटण.

तेव्हा असं करा. मशिनरी घ्यायची असेल, चिनी अजिबात येत नसेल, हातात चारच दिवस असतील, तर ऑक्टोबरची जत्रा गाठा. खोली दोन महिने आधी घ्या, त्या दिवसांत भाडी दुपटीवर जातात, आणि एक सकाळ कांगलेसाठी राखून ठेवा. तुमची गरज वेगळी असू शकते, माझं ऐकाच असं म्हणत नाही.

पण मला विचाराल तर शांघायहून सकाळची पहिली गाडी धरा आणि यिवूला उतरा. फेब्रुवारीच्या आसपास नको, नववर्षाला बाजार बंद असतो. दोन दिवस नुसतं भटका. तिसऱ्या दिवशी तुम्हाला खरंच हवी असलेली एखादी दहा-वीस रुपयांची वस्तू निवडा, तिच्या ओळीतला एक गाळा धरा आणि तिथलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढून बसा. साडेअकराच्या आत पोहोचा. त्यानंतर जेवणाचे डबे येतात, मग घडीच्या खाटा निघतात, आणि दीड वाजेपर्यंत अख्खी ओळ झोपलेली असते. निघताना गाळ्याचा नंबर तेवढा कागदावर लिहून घ्या, फोनमध्ये नको.