टाय कॉब की ट्रिस स्पीकर?

१९१० च्या आसपासच्या अमेरिकन बेसबॉलमधला सर्वोत्तम आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागात चेंडू अडवणारा खेळाडू) कोण, हा वाद या दोघांपाशी येतोच. निव्वळ बॅटिंग पाहिली तर डेट्रॉइटचा कॉब पुढे: चार हजारांहून जास्त हिट्स (फटका मारून बेस, म्हणजे धावपट्टीवरचा थांबा, सुखरूप गाठणं), सरासरी .३६६, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३६६ हिट्स. स्पीकरची .३४५. बेस चोरण्यातही, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळण्यातही, कॉबच वरचढ, शिवाय अंगात भांडखोरपणा ठासून भरलेला.

पण आउटफिल्डरला जोखायचं तर मैदानात तो काय करतो ते नको का बघायला? तेव्हाचा चेंडू फार लांब जात नसे. हे ओळखून स्पीकर सेंटर फील्डमध्ये (आउटफिल्डच्या मधल्या भागात) इतका पुढे यायचा, की जणू सेकंड बेसमागचा जादा इनफिल्डरच, म्हणजे बेसजवळचा क्षेत्ररक्षक. क्रिकेटवाल्यांना सिली पॉइंट आठवेल. डोक्यावरून फटका गेलाच तर पाठ वळवून धावत तो गाठायचा. आउटफिल्डमधून थ्रो करून बाद करण्याचा त्याचा विक्रम अजून अबाधित आहे, ७९२ डबल्सचाही (डबल म्हणजे एका फटक्यात थेट सेकंड बेस गाठणं).

१९१६ मध्ये त्याच्या बॉस्टन संघाने त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं. त्याच हंगामात .३८६ सरासरीने त्याने कॉबला मागे टाकलं! वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरची अजिंक्यपदाची मालिका, त्याने तीनदा जिंकली, कॉबने एकदाही नाही. माझं मत स्पीकरला. १९२८ च्या अखेरच्या हंगामात दोघेही फिलाडेल्फियाच्या एकाच संघात होते.