कमरेची गादी ‘बसवून देणाऱ्यां’पासून सांभाळा

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. कंबरदुखी जुनीच, पण यंदा पावसाळ्यात उजव्या मांडीपासून पायाच्या करंगळीपर्यंत कळ जायला लागली. एमआरआयमध्ये एल-5 एस-1 ची, म्हणजे कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी (डिस्क) बाहेर आलेली दिसली. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या, चालणं आणि फिजिओथेरपी सांगितली. बहुतेकांना ऑपरेशनशिवाय आराम पडतो म्हणाले. तेवढ्यात ओळखीतल्या कुणीतरी हाताने ट्रॅक्शन देणारं, म्हणजे कंबर ओढून ताण देणारं सेंटर सुचवलं.

तिथल्या पांढऱ्या कोटवाल्याने बाबांना टेबलावर झोपवलं आणि टाचा जुळवून दाखवल्या. “काका, उजवा पाय अर्धा इंच आखूड झालाय. गादी सरकलीय.” मग कमरेला पट्टा, घोटे धरून हिसका, कट्टकन आवाज. पुन्हा टाचा बघितल्या तर सारख्या! बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात पॅकेज पुढे आलं: 28 हजार, सगळे आगाऊ. ऑपरेशन टळण्याची गॅरंटी, डॉक्टरांच्या गोळ्या बंद. पावती “नंतर देतो”.

हा टाचांचा खेळ समजून घ्या. माणूस जरा तिरका झोपला किंवा एका पावलाला किंचित रेटा दिला की पाय आखूड दिसतो. आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्यामुळे. गादी तर मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिची झीज होते, ती फुगते, फाटते, पण ओढून जागेवर बसत नाही. ताण दिल्यावर थोडा वेळ हलकं वाटतं हे खरं, त्यावरच यांचं दुकान चालतं. उपचारांवरचं संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2013 च्या समीक्षेत 32 चाचण्या तपासल्या होत्या. ट्रॅक्शनने कंबरदुखीत फारसा फरक पडत नाही, असंच त्यात निघालं.

कळ वाढत गेली तरी “आजार बाहेर पडतोय” म्हणत हिसके चालूच. उजव्या चवड्यावर उभं राहता येईना, तेव्हा बाबांना परत हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. आता ताकद हळूहळू येतेय. पैसे मात्र “पॅकेज परत होत नाही”.

त्या माणसाने नोंदणी क्रमांक शेवटपर्यंत दिला नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते, तेव्हा तो आधी मागा. फसला असाल तर यूपीआयचा पुरावा जपा आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं तर कुणाच्याही टेबलावर झोपू नका, रात्र असली तरी थेट मोठं हॉस्पिटल गाठा.