नेकवर काय बसवावं: सिंगल कॉइल, पी-९० की हंबकर?

इलेक्ट्रिक गिटारवर जुन्या गिटारचा गोल, उबदार आवाज हवा असेल तर आधी नेक पिकअपकडे, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या, गिटारच्या मानेजवळच्या चुंबकी भागाकडे बघावं. तिथे तार मोठ्या झोक्याने हलते, त्यामुळे मूळ स्वर भरीव येतो आणि वरचे हार्मॉनिक्स मागे पडतात. म्हणूनच नेकवर ‘हॉट’, म्हणजे कॉइलला जास्त वेढे दिलेला, पिकअप नको. वेढे वाढले की आउटपुट वाढतं, पण ट्रेबल मरतो, आणि इथे तो मुळातच कमी असतो. दुकानदार मात्र हॉटच पुढे करतो.

स्ट्रॅटचा (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप, १९५४ पासूनचा, रेझिस्टन्स साधारण ६ किलोओम. कॉर्डमधली एकेक तार सुटी ऐकू येते. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या क्लीन साथीला याच्यासारखा दुसरा नाही. मात्र याचे रॉड मॅग्नेट तारेला ओढतात. पिकअप फार वर ठेवला तर जाड तारा वरच्या फ्रेट्सवर बेसूर वाटायला लागतात, तेव्हा तो खाली घ्यावा.

त्याची खरी अडचण म्हणजे हम. आपल्या विजेची ५० हर्ट्झची घुंई तो थेट पकडतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये शांत वाटलेली गिटार गणपतीत मंडळाच्या स्टेजवर, दिवे आणि डिमर एकाच लाइनवर असताना, भुंग्यासारखी गुणगुणते.

माझं मत पी-९० च्या बाजूने. गिब्सन कंपनीचा हा पिकअप १९४६ चा, कॉइल एकच पण रुंद आणि चपटी, रेझिस्टन्स साधारण ८ किलोओम. मॅग्नेट कॉइलखाली आडवे असतात, त्यामुळे तारांवर ओढ कमी. मिड (मधले स्वर) जाडसर, प्लेकचा (तार छेडायच्या पिकचा) ठोका स्पष्ट, आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की आवाज आपोआप निवळतो. जोरात मारलं तर करकरतो, हळू वाजवलं तर गातो. हम मात्र सिंगल कॉइलइतकीच, त्यात सूट नाही. मूळ आकाराचा पी-९० हंबकरच्या (दोन कॉइलींच्या पिकअपच्या) गाळ्यात बसत नाही, पण त्या मापाचे मिळतात. सिमोर डंकन कंपनीचा फॅट कॅट तसाच, अल्निको २ (एक मिश्रधातू) मॅग्नेटचा. लाकूड कोरायची गरज नाही.

तुम्ही ऑर्केस्ट्रात वाजवत असाल तर मी पी-९० चा हट्ट धरणार नाही. गिब्सनचा इंजिनिअर सेथ लव्हरने १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेला आणि १९५७ पासून गिब्सनच्या गिटारवर आलेला पीएएफ (‘पेटंट अप्लाइड फॉर’) हंबकर दोन उलट्या कॉइलींनी हम कापतो. त्या घराण्यातला सौम्य, साडेसात किलोओमच्या आसपासचा पिकअप घ्या. डंकनचा ’५९ अल्निको ५ वर आहे, खर्जात घट्ट राहतो. धार थोडी कमी, पण निवेदक बोलत असताना गिटार गप्प बसते.

टेलीच्या (फेंडरच्या टेलिकास्टर गिटारच्या) नेक पिकअपवरचं धातूचं झाकण आवाज आणखी मऊ करतं. टेली असेल तर विचार करा, नसेल तर त्यासाठी घेऊ नका.

खरेदीआधी पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांमागचे रेझिस्टर) बघा: सिंगल कॉइलला सहसा २५० के (किलोओम), हंबकर आणि पी-९० ला ५०० के. हंबकरमागे २५० के असतील तर नवा पिकअपही दबलेलाच वाटेल. मागवताना ‘नेक’ लिहिलेलाच मागवा, ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या टोकाच्या, पिकअपचे वेढे जास्त असतात. ब्रिजवर दुसऱ्या कंपनीचा हंबकर असेल तर नेकचा चार वायरींचा घ्या. दोन्ही एकत्र लावल्यावर आवाज पोकळ आला तर कॉइलच्या वायरी उलटवून फेज (दोन्हींच्या सिग्नलची दिशा) जुळवता येते. एकाच जाळीदार वायरच्या पिकअपमध्ये ते सहज जमत नाही.