कार्टूनच्या लायसन्सच्या नावाखाली चार लाख बहात्तर हजार गेले

नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर भागात दप्तरं, लहान मुलांचे कपडे, कंपासपेट्या बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांकडे एक माणूस फिरतो आहे. टीव्हीवरच्या नावाजलेल्या कार्टूनचं अधिकृत लायसन्स, म्हणजे ते मालावर छापायचा परवाना, उत्तर महाराष्ट्रासाठी मिळवून देतो, असं सांगतो. आमचे त्याने चार लाख फी आणि वर १८ टक्के जीएसटी असे चार लाख बहात्तर हजार रुपये नेले. छापून घेतलेलं कापड आणि शिवून झालेली दप्तरं वाया गेली ती वेगळीच. धंद्यातल्या बाकीच्यांवर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

भाऊ आणि मी मिळून अंबडला दप्तरांचा कारखाना चालवतो. शाळा जूनमध्ये सुरू होतात, त्यामुळे आमचा खरा हंगाम फेब्रुवारी ते मे. मेन रोड, शालिमारचे दुकानदार दरवर्षी एकच सांगतात: साधं दप्तर आणि कार्टूनचं दप्तर शेजारी ठेवलं तर पोर कार्टूनच्याच दप्तराला हात घालतं, आणि आई-बाप त्याचे शंभर-दीडशे जास्त देतात. हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो जानेवारीत आला, म्हणजे ऑर्डरी घ्यायच्या ऐन तोंडावर.

बोलायला अतिशय गोड. 'ताई, दादा' करत त्याने ज्या गोष्टी सांगितल्या त्या खऱ्या होत्या. मिकी माऊसचं चित्र लिहायच्या पॅडवर छापायला १९२९ साली वॉल्ट डिस्नीला ३०० डॉलर मिळाले आणि तिथून या धंद्याची सुरुवात झाली. १९३३ मध्ये मिकीचं घड्याळ आलं आणि धडाक्यात खपलं. आपल्याकडे हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा छोटा भीम २००८ मध्ये पोगोवर आला आणि बघता बघता दप्तरांवर, डब्यांवर, टी-शर्टांवर जाऊन बसला. नामांकित कार्टूनच्या मालकांची मोठी कमाई टीव्हीपेक्षा वस्तूंवरच्या परवान्यातून होते, हेही त्याचं म्हणणं खरंच. खोटं एवढंच होतं की त्या कार्टूनशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

त्याचा प्रस्ताव असा. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार आणि अहिल्यानगर या पाच जिल्ह्यांत दप्तर आणि पाऊचसाठी फक्त आम्ही. शिवाय आम्ही खाली दुकानदारांना आणि छोट्या शिवणाऱ्यांना पन्नास-पन्नास हजारांत सब-लायसन्स विकायचं, ते पैसे आमचे. त्याने स्टॅम्प पेपरवर करार दिला, होलोग्राम लावलेलं सर्टिफिकेट दिलं आणि ट्रेडमार्क नोंदणीची प्रत दिली. कंपनीकडून खात्री करून घ्या म्हणून ईमेलचा पत्ताही स्वतःहून दिला. आम्ही त्या पत्त्यावर विचारणा केली. दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर 'हे आमचे अधिकृत मास्टर लायसन्सी आहेत' (म्हणजे पुढे इतरांना परवाने द्यायचा हक्क असलेले) असं उत्तर आलं. तो पत्ता त्यानेच बनवलेला होता. कंपनीच्या खऱ्या नावात मध्ये एक छोटी आडवी रेघ घातलेली.

एप्रिलमध्ये एका मॉलमधल्या मोठ्या दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याने मूळ मालकाचं पत्र मागितलं, तेव्हा प्रकार उघडा पडला. खऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून पत्ता घेऊन आम्ही कळवलं. आमचा असा कोणीही एजंट नाही, असं त्यांचं उत्तर आलं आणि पाठोपाठ त्यांच्या वकिलांची नोटीस. माल विकणं ताबडतोब थांबवा, शिल्लक माल नष्ट करा, तसं लिहून द्या.

याचा अर्थ नीट समजून घ्या. असे करार घेतलेल्या कित्येक जणांना अजून वाटतं की फार तर पैसे बुडतील. खऱ्या परवानगीशिवाय तयार केलेला माल कायद्याच्या नजरेत नकलीच असतो, मग तुमच्याकडे कितीही सुंदर सर्टिफिकेट असो. ट्रेडमार्क कायदा १९९९ आणि कॉपीराइट कायदा १९५७, दोन्हींत अशा गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगितला आहे. पोलीस माल जप्त करू शकतात. आम्ही स्वतःहून कळवलं होतं आणि कंपनीने ते लक्षात घेतलं, म्हणून आमच्यावर केस झाली नाही. दप्तरं मात्र कापून टाकावी लागली. शिवणाऱ्या बायकांनीच ती कापली. त्यांची मजुरी आम्ही पूर्ण दिली.

नंतर मी खऱ्या लायसन्सवर काम करणाऱ्या कारखानदारांशी बोलले. त्यांनी सांगितलेली पद्धत ऐकल्यावर फरक लख्ख दिसतो. खरी कंपनी आधी तुमचीच चौकशी करते. मागच्या वर्षांची उलाढाल किती, मशिनं किती, माल कुठे जातो, पुढच्या दोन-तीन वर्षांत किती विकाल, आणि नमुने पाठवा. त्यानंतर रॉयल्टीचा टक्का ठरतो, तो निव्वळ विक्रीच्या रकमेवर. मिनिमम गॅरंटी असते, म्हणजे माल कमी खपला तरी अमुक रक्कम द्यायचीच. त्यातला काही भाग आधी घेतात, पण तो पुढच्या रॉयल्टीतून वळता होतो. कार्टूनचे रंग, उभं राहण्याची ढब, अक्षरं हे सगळं ठरवून दिलेली स्टाइल गाइड मिळते. आधी डिझाइन, मग नमुना, मग तयार माल, प्रत्येक टप्प्यावर मंजुरी लागते. नंबर असलेली होलोग्राम स्टिकरं मोजून मिळतात आणि ठरलेल्या मुदतीला विक्रीचा हिशोब द्यावा लागतो.

आमच्याकडे आलेल्या माणसाने आमचं एकही दप्तर हातात घेऊन पाहिलं नाही. शिलाई, रेक्झिन, चेन, कशाबद्दलच विचारलं नाही. ज्याचं कार्टून कोट्यवधी मुलांच्या ओळखीचं आहे तो मालक ते कसल्या दप्तरावर छापलं जाणार हे न बघता परवानगी देईल, हे होऊच शकत नाही. माझ्या मते एवढी एक खूण बाकी सगळ्या कागदांपेक्षा मोठी आहे.

त्याने दिलेली ट्रेडमार्कची प्रत खरी होती, हेही सांगायला हवं. नंबर खरा, मालकाचं नावही खरं. पण मालक आणि हा माणूस यांना जोडणारा मालकाच्या सहीचा एकही कागद त्यात नव्हता. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० नुसार परवाना मालकाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने लेखीच द्यावा लागतो. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर फुकट शोध घेता येतो. तिथे मालकाचं नाव बघा आणि वर्गही बघा: दप्तरांचा १८, कपड्यांचा २५, वह्या-स्टेशनरीचा १६, खेळण्यांचा २८. आम्हाला दाखवलेली नोंदणी ४१ व्या वर्गातली, म्हणजे मनोरंजनाच्या कार्यक्रमांची होती. त्याच्या बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर तो हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. आणखी एक सोपी वाट आहे. दुकानातून त्याच कार्टूनचं अस्सल दप्तर विकत आणा. लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता असतो. त्याला फोन करा आणि परवाना कोणाकडून घेतला ते विचारा.

खेळणी बनवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. 'आमच्या लायसन्सवर बीआयएस (आयएसआय मार्क देणारी सरकारी संस्था) लागत नाही' असं कोणी म्हणालं, तर ते धादांत खोटं.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा 'हा तुमचा व्यवहारातला वाद आहे, कोर्टात जा' असं सांगण्यात आलं. बनावट ईमेल, खोटा जीएसटी नंबर आणि खऱ्या कंपनीचं नकाराचं पत्र एकत्र ठेवल्यावर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली गुन्हा दाखल झाला. आरटीजीएसने पैसे गेलेलं खातं तोवर रिकामं झालं होतं. पैसे जाऊन काही तासच झाले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बाकीचं नंतर.

तपास सुरू आहे. मालेगाव आणि धुळ्यातल्या दोन रेडिमेडवाल्यांकडून कळलं की असाच करार त्यांनाही दाखवला गेला, कार्टून तेवढं वेगळं. ज्यांनी पैसे दिले असतील त्यांनी लाजेने गप्प बसू नये. करार, बँकेचं स्टेटमेंट, ईमेल पूर्ण हेडरसकट (म्हणजे मेल कुठून आला ही तांत्रिक माहिती धरून) आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं न पुसता घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत जा. तक्रारी एकत्र आल्या तर याला व्यवहारातला वाद म्हणणं कोणालाही जड जाईल.