फोन लाइनची खरखर काढून देणारे काका, इंदूर: नवा मॉडेम घ्यायच्या आधी यांना गाठा

आधीच सांगते, हे डायल-अपच्या दिवसांत लिहिलंय, तेव्हाचं म्हणूनच वाचा. आणि हा रिव्ह्यू मॉडेमचा, म्हणजे फोन लाइनवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणाऱ्या डब्याचा नाहीये, घरी येऊन फोनचं वायरिंग तपासून देणाऱ्या एका काकांचा आहे. अख्खी नोकरी टेलिफोनच्या कामात गेली, आता रिटायर आहेत आणि राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर या पट्ट्यात खाजगी कामं घेतात. नाव-नंबर टाकत नाहीये कारण त्यांनीच बजावलंय, "ताई, लिहायचं ते लिहा, पण नंबर देऊ नका, पावसाळ्यात फोन उचलून उचलून वैताग येतो." या भागातल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, कोणी ना कोणी पत्ता सांगेल.

माझं काम घरून डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं), फाइली पुण्याला मेलने जातात, आणि आमच्या कॉलनीत तेव्हा ब्रॉडबँडचं नुसतं "येणार, येणार" चाललं होतं, त्यामुळे डायल-अपच, म्हणजे फोनचा नंबर फिरवून जोडायचं इंटरनेट. मॉडेम किंचाळून किंचाळून एकदाचा जोडला जायचा तो २६४०० वर (हा वेग, सेकंदाला इतके बिट), मग पान उघडता उघडता मध्येच सगळं गप्प, लाइट लुकलुकतायत पण येत काहीच नाही, आणि नशीब चांगलं असलं तर पुन्हा सुरू, नाहीतर डिसकनेक्ट. प्रत्येक डिसकनेक्ट म्हणजे नवा कॉल, बिलात नवं युनिट, आणि अर्ध्यावर गेलेली फाइल परत पहिल्यापासून. कॉम्प्युटर मार्केटमधल्या एका दुकानात मॉडेम दाखवला तर त्या भाऊसाहेबांनी डबा उघडूनही न बघता "मॉडेम गया मॅडम" म्हणत नवा पुढे केला. मी तो घेतला नाही, आपला जुना डबा शेजारच्यांकडे नेऊन त्यांच्या लाइनवर लावला, तिथे पठ्ठ्या पहिल्या झटक्यात ४४००० वर. म्हणजे दोष डब्यात नाही, तारेत. ही टेस्ट फुकट आहे, दुकानात जायच्या आधी करून बघाच.

तर काका आले. उशिरा आले, ते नेहमीच उशिरा येतात म्हणे. सुरुवातीला हिंदीत बोलत होते, आतून सासूबाईंचा आवाज ऐकला आणि सरळ मराठीवर घसरले, मग ग्वाल्हेरचे नातेवाईक, कुणाचं माहेर कुठलं, हे सगळं होईपर्यंत चहा झाला. वेळ हातात ठेवूनच बोलवा त्यांना.

कॉम्प्युटरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हॉलमधला फोन उचलला, एकच आकडा दाबला आणि कानाला लावून उभे. एक आकडा दाबला की डायल टोन जातो आणि एक्स्चेंज पुढच्या आकड्यांची वाट बघत बसतं, त्या थोड्या सेकंदांत लाइन एकदम मुकी असायला हवी, जे काही ऐकू येतं तो सगळा लाइनचा आजार. मला पण ऐकवलं. आमच्याकडे दोन आवाज होते, एक सतत घूं आणि त्यावर मधूनमधून खरखर-कट-कट. काकांच्या मते हे दोन वेगळे रोग आणि दोघांची औषधं वेगळी. खरखर आणि कट-कट म्हणजे कुठेतरी जॉइंट ढिला किंवा गंजलेला, नाहीतर ओल शिरलेली. घूं म्हणजे फोनची तार विजेच्या तारेला चिकटून चाललीय किंवा दोनपैकी एका तारेची गळती जमिनीकडे होतेय. तिसरा प्रकार आमच्याकडे नव्हता, तो म्हणजे दुसऱ्याचं बोलणं ऐकू येणं, त्यात बहुतेक वेळा बाहेरच्या केबलमध्ये पाणी असतं आणि घरात कितीही उकरा, उपयोग शून्य.

मी विचारलं की बोलताना तर आम्हाला एवढं जाणवत नाही. तर म्हणाले, माणसाचा कान अर्धा शब्द ऐकून पूर्ण करतो, मॉडेमला ते जमत नाही. खरंय ते. फोनवरून जाणाऱ्या आवाजाचा पट्टा जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झचा, मॉडेम तो जवळपास सगळा वापरतो, आणि खरखरीत एखादा तुकडा बिघडला की एरर करेक्शनवाला (चुका पकडणारा) मॉडेम तो परत मागवतो. फारच बिघडलं तर दोन्हीकडचे मॉडेम थांबून नव्याने वेग ठरवतात, ते जे मध्येच गप्प होणं होतं ना, ते हेच.

मग खरं काम. बाहेरच्या भिंतीवर जिथे कंपनीची तार घरात शिरते तिथला रोझेट (तारा स्क्रूने जोडायची छोटी डबी) उघडला, घरातल्या सगळ्या तारा सोडवून बाजूला केल्या आणि नुसत्या बाहेरच्या तारेला त्यांचा तो चिमटेवाला फोन लावला. घूं गायब! खरखर मात्र थोडी होतीच. म्हणजे घूं आपली, आणि खरखर काही आपली काही त्यांची. एवढ्या एका गोष्टीसाठी मी यांना मानलं, कारण आजवर जो लाइनमन आला त्याने "लाइन तो ओके है, आपके घर में गडबड है" म्हणायचं आणि कॉम्प्युटरवाल्याने लाइनकडे बोट दाखवायचं, मध्ये आम्ही. इथे पाच मिनिटांत वाटणी झाली.

घरात काय काय निघालं ते ऐका. आमच्याकडे एकाच लाइनवर तीन फोन पॅरलल, हॉल, स्वयंपाकघर आणि वरची खोली, शिवाय एक कॉलर आयडीची डबी. काकांनी सगळं काढलं आणि एकेक लावत प्रत्येक वेळी ऐकत गेले. कॉलर आयडीची डबी लावली की बारीक किरकिर, ती कायमची बाद. स्पाइक बस्टरमध्ये (विजेचे झटके अडवणाऱ्या बोर्डात) फोनची जी सॉकेट असते त्यातून मॉडेमची वायर नेलेली होती, तीही काढायला लावली, कारण त्यातला सर्ज खाणारा भाग दोन-चार झटके खाऊन स्वतःच गळायला लागतो. आणि मग स्वयंपाकघरातला रोझेट. गॅसच्या वर हातभर अंतरावर, वर्षानुवर्षं फोडणीची वाफ खाल्लेला. झाकण काढलं तर आत पिवळट चिकट थर, त्यात धूळ बसलेली, आणि स्क्रूखालचं तांबं कळकून हिरवं झालेलं. दोन स्क्रूंच्या मध्ये त्या ओलसर चिकट थराचा पूलच झाला होता. काकांनी ब्लेडने एक बाजू खरवडली, तारेचं टोक कापून नवं सोललं, परत लावलं, ऐकलं, आणि मग मान हलवून म्हणाले, "वहिनीसाहेब, इथला फोन बंदच करा, परत हेच होणार." हे सासूबाईंना उद्देशून. त्यांना अजिबात पटलं नाही, दुपारचे त्यांचे सगळे फोन तिथूनच होतात. शेवटी रोझेट फ्रिजच्या बाजूला सरकवायचं ठरलं.

घूंचं कारण जिन्यात सापडलं. वरच्या खोलीकडे गेलेली फोनची तार ज्या केसिंग पट्टीतून नेली होती त्याच पट्टीत पंख्याची आणि ट्यूबलाइटची वायर, वर्षं झाली कुणी बघितलं नव्हतं. त्यात ती फोनची तार चपटी, बिनपिळाची. पीळ दिलेल्या जोडीत दोन्ही तारांवर बाहेरचा त्रास जवळपास सारखा पडतो आणि एकमेकांत कटतो, चपटीत तसं होत नाही. काकांनी पिळाची जोडी घेऊन भिंतीच्या दुसऱ्या कडेने वेगळी नेली, आणि जिथे विजेच्या वायरीला ओलांडायचंच होतं तिथे काटकोनात ओलांडली. काम चोख, पण भिंतीला पाडलेलं भोक केवढं! पेन्सिल जाईल एवढ्याची गरज, तिथे अंगठा जाईल एवढं पाडलं, आणि नवी पट्टी पांढरी, जुनी क्रीम. यावरून घरात दोन दिवस ऐकून घेतलंय मी.

बाहेरच्या खरखरीला त्यांनी हात लावला नाही, आणि हे मला आवडलं. खांब, डीपी (तारा वाटणारी पेटी), ड्रॉप वायर (खांबावरून घरी येणारी तार) हे कंपनीचं, आपण चढायचं नाही, म्हणाले. पण गच्चीवरून बोटाने दाखवलं, शेजारच्या बदामाच्या फांदीला घासत जाणारी तार आणि तिच्यावर काळ्या टेपचं गाठोडं, टेप सुटून लोंबतेय. वारा आला की कट-कट. आणि तक्रार कशी करायची तेही शिकवलं. इंटरनेट चालत नाही असं सांगायचंच नाही, ते म्हणणार आम्ही बोलण्याची लाइन देतो. सांगायचं, बोलताना खरखर येते, समोरच्याचं ऐकू येत नाही, आणि वारा-पाऊस असला की जास्त. तशी नोंदवली, तरी लाइनमन यायला बराच वेळ लागला, आल्यावर मात्र त्याने गाठोडं कापून जेलीवाला जोड लावला आणि तार फांदीपासून लांब ओढून घेतली. कंपनी कुठली ते राहू द्या. इंदुरात तसंही देशातली पहिली खाजगी लँडलाइन १९९८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे शहरात सरकारी आणि खाजगी दोन्ही कनेक्शनं, आणि कुठलीही असो, टेप सगळ्यांचीच सुटते.

आता आकडे. आधी २६४००, कधी २४०००. आता बहुतेक वेळा ४५३३३, पावसाच्या दिवशी ४२६६६ च्या आसपास. हा आकडा नीट बघत जा, त्यावरून बरंच कळतं. २६४००, २८८००, ३१२०० असे २४०० च्या पटीतले आकडे दिसले की मॉडेम व्ही ९० ही नवी, वेगवान पद्धत सोडून जुन्या, हळू व्ही ३४ वर उतरलाय, म्हणजे लाइन खराब नाहीतर मध्ये कुठेतरी जास्तीचं ॲनालॉग-डिजिटल रूपांतर होतंय. ४४०००, ४५३३३, ४६६६६ असे विचित्र आकडे दिसले तर व्ही ९० मिळालंय. ५६००० घरी दिसेल ही आशा सोडा. आणि हे सगळे आकडे आपल्याकडे येणाऱ्या माहितीचे, फाइल पाठवताना व्ही ९० मध्ये ३३६०० च्या वर जाता येतच नाही. म्हणजे सेकंदाला फार तर चार किलोबाइट, प्रत्यक्षात तीनच धरा. दोन एमबीची फाइल मेलला जोडली की तिसऱ्या हिश्शाने फुगते, म्हणजे पंधरा मिनिटं. पण ती पंधरा मिनिटं न तुटता जाते आता, मला तेवढंच हवं होतं.

काकांना विंडोज येत नाही, त्यामुळे सेटिंगचं तुमचं तुम्हाला बघावं लागेल. कंट्रोल पॅनेलमध्ये मॉडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ऍडव्हान्स्डमध्ये एक्स्ट्रा सेटिंग्जचा एक रिकामा चौकोन असतो, तिथे एस१०=५० टाकलं तर कॅरियर (समोरच्या मॉडेमचा सततचा सूर) गेल्यावर मॉडेम पाच सेकंद तग धरतो, नाहीतर बऱ्याच मॉडेममध्ये दीड सेकंदाच्या आतच फोन ठेवून देतो. डायल टोन ओळखत नाही म्हणून रडत असेल तर तिथेच एक्स३ टाका. लाइन सुधारण्याची शक्यताच नसेल तर एटी+एमएस=व्ही३४ करून व्ही ९० बंदच करा (काही जुन्या मॉडेमना इथे व्ही३४ ऐवजी ११ लागतं, पुस्तिका बघा), हळू चालेल पण टिकेल. आणि कॉल वेटिंग असेल तर ते बंद करून घ्या, मैत्रिणीचा फोन आला की ती बीप आणि आपलं कनेक्शन ढप्प.

आता मॉडेम कुठला घ्यायचा, तर माझा बाहेरचा सिरियल पोर्टवाला डबा आहे आणि मी तोच सुचवेन. आतलं स्वस्त कार्ड सगळं गणित प्रोसेसरकडून करून घेतं, जुन्या मशीनवर पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) उघडं असलं की ते धापा टाकतं आणि दोष लाइनवर जातो. बाहेरच्याला लाइट असतात, अडकला तर बटण बंद-चालू करता येतं. पण खराब लाइनवर महागडा मॉडेमही रडतोच.

एक गोष्ट काकांनी विकली नाही त्याचं कौतुक. वीज कडाडते तेव्हा मॉडेम जळतात म्हणून मी लाइनवर लावायचं प्रोटेक्टर मागितलं, त्यांनी आमच्या बोर्डाची अर्थिंग तपासली, ती नावालाच निघाली, तर म्हणाले अर्थ नसताना ती डबी म्हणजे खेळणं, त्यापेक्षा आभाळ भरलं की वायर काढून ठेवा. जूनपासून तेच करतेय.

पैसे तेव्हा तारेसकट साडेतीनशे झाले, पावती नाही. मॉडेमपेक्षा कितीतरी कमी. पाचपैकी चार, एक त्या भोकाचा कापला. बोलवायचं असेल तर मे संपायच्या आत बोलवा, पाऊस सुरू झाला की ते गच्चीवर चढत नाहीत आणि अर्धं इंदूर त्यांच्या दारात असतं. ब्रॉडबँड येणारच आहे म्हणून थांबायचं म्हटलं तर तेव्हा तेही याच दोन तारांवरून येणार होतं, आणि सगळे पॅरलल फोन फिल्टरमागे (ब्रॉडबँडचा आवाज अडवणाऱ्या डबीमागे) घ्यावे लागणार होते, म्हणून वायरिंग आधी करून घेतलं तरी पैसे वाया जाणार नव्हते.